ब्रेकवरचा पाय

जयरामने मोडीतली मिनीबस दारात आणून उभी केली, तेव्हा नाशिकरोडच्या त्या गल्लीत हसलं नाही असं एकही घर राहिलं नाही. सत्तावीस वर्षं फिटरकी करून एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेला माणूस. दोन्ही पोरींची लग्नं झालेली. त्याने गप पेपर वाचावा, संध्याकाळी विहारात जाऊन बसावं. तर हा गडी शाळेच्या पोरांची ने-आण करून खिळखिळी झालेल्या गाडीच्या पोटात खाट ठोकायला लागला.

"जयरामभाऊ, हॉटेल काढताय का?" येणारे-जाणारे विचारायचे.

"घर बांधतोय. चाकावरचं," जयराम सांगायचा आणि तोंडात धरलेले खिळे एकेक काढून ठोकत राहायचा.

कारण त्याच्या आईचं होतं. भिमाबाईंचा खुबा मोडून दोन वर्षं झाली होती. पाच मिनिटं बसलं की कमरेतून कळा यायच्या. त्यांची धाकटी बहीण चांगुणा कळवणच्या अलीकडे, गिरणेच्या काठावरच्या एका वस्तीवर राहत होती. तिचे डोळे अधू होत चालले होते. दोघी बहिणींची नऊ वर्षांत भेट नव्हती. "तिला दिसतंय तवर एकदा तोंड दाखवून येते," हे भिमाबाईंचं पालुपद. एस.टी.त त्यांना बसवणं शक्य नव्हतं. गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, की न्यायचं तर आडवं न्या आणि धक्के लागू देऊ नका. मग जयरामने मनावर घेतलं.

त्याची बायको विमल प्राथमिक शाळेत मास्तरीण होती. तिला हा सगळा खटाटोप पहिल्या दिवसापासून पटला नव्हता. पण चार महिन्यांत नवऱ्याने त्या डब्यात काय काय उभं केलं हे तीही बघत होती. बाकं काढून दोन खाटा बसवल्या होत्या. मागची खाट भिमाबाईंची. तिला कडेने आडवी फळी, म्हणजे वळणावर म्हातारी खाली पडायची नाही. खाटेच्या उंचीवर मागच्या पत्र्यात त्याने नवी काच बसवली होती, आईला पडल्या पडल्या रस्ता दिसावा म्हणून. भांड्यांच्या फळीला पुढून पट्टी. कपबशांच्या मधे जुनी लुगडी कोंबलेली, नाहीतर गाडी चालताना लग्नातल्या बँडसारखा आवाज व्हायचा. काडेपेट्या पत्र्याच्या डब्यात. पाण्याचं पिंप दाराशी, त्याला खाली तोटी. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तीही चार स्क्रूंनी पक्की केलेली.

एक्क्याऐंशी सालच्या जानेवारीत विमलने पंधरा दिवसांची रजा टाकली आणि तिघं निघाली.

तीन तासांचा रस्ता, पण त्यांनी तीन दिवसांचा बेत केला होता. दहा-बारा मैल झाले की म्हातारीची कंबर आणि गाडीचं इंजिन दोन्ही तापायचं. पहिला मुक्काम दिंडोरीच्या पुढे, केरू नावाच्या शेतकऱ्याच्या आंब्याखाली पडला. केरूने जागा दिली, वर मूठभर मेथीही दिली. त्या एका रात्रीत विमलला कळलं, की चाकावरचं घर म्हणजे घर नव्हे. जमीन जराशी उतरती असली तर डोक्याकडे रक्त चढतं, म्हणून आधी खाटेवर पाण्याची वाटी ठेवून बघायचं आणि ज्या बाजूचं पाणी सांडेल त्या बाजूच्या चाकाखाली वीट सरकवायची. आंब्याखाली सावली चांगली, पण पहाटे पानांवरचं दव टपावर टपटपत राहतं आणि डोळ्याला डोळा लागत नाही. धुतलेले कपडे आत वाळत घातले की सकाळी अंथरूणच ओलसर लागतं. म्हातारीचं भांडं कुठं न्यायचं, कुठं पुरायचं, हे उजेड असतानाच ठरवून ठेवावं लागतं.

आणि प्रत्येक मुक्कामी गाडी लावताना विमलचं ठरलेलं काम होतं. मागे उभं राहून हात हलवायचे. जयराम आरशात बघत गाडी मागे घ्यायचा.

"तू बघून ठेव," तो म्हणायचा. "मागं जाताना चाक ज्या अंगाला फिरवशील, त्या अंगाला गाडीचं बूड जातं. साधं आहे."

"मला काय करायचंय त्याचं?" विमल म्हणायची.

दोघांत खरं बोलणं एवढंच उरलं होतं. सासू-सुनेत तर तेवढंही नव्हतं. सव्वीस वर्षं एका छपराखाली काढली होती. लग्नानंतर विमलने नोकरी सोडली नाही, हे भिमाबाईंनी पहिली दहा वर्षं बोलून दाखवलं आणि पुढची न बोलता. खुबा मोडल्यावर त्यांचं अंग पुसणं, कुशीवर वळवणं, वेणीफणी, सगळं विमलच करायची. चोख करायची. पण दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत.

दुसरा मुक्काम वणीला झाला. तिथे एक चूक झाली. विमलने सासूला गरम पाण्याने अंघोळ घातली, त्यात पिंप निम्मं संपलं. उरलेलं रात्रभर तोटीतून ठिबकत राहिलं. सकाळी निघायच्या घाईत पिंप कोणीच भरलं नाही. त्याला वाटलं तिने भरलं, तिला वाटलं त्याने.

हे कळलं ते घाटात, नांदुरीच्या पुढे. अकराचा सुमार. इंजिनातून आधी वास आला, मग वाफ. जयरामने गाडी डाव्या अंगाला घेतली आणि थांबवली. तोटी फिरवली तर पिंपातून थेंबभर गंज गळला.

"पिंप बघायचं नाही निघताना?" तो ओरडला.

"मी म्हातारीचं बघू, स्वयंपाकाचं बघू, का तुमचं पिंप बघू?"

"चार महिने राबलो मी या गाडीवर. तुला एवढंही..."

"मी सांगितलं होतं का राबायला?"

मागून भिमाबाईंचा आवाज आला, "भांडू नका रे रस्त्यात." पण तोवर जयरामने दोन डबे उचलले होते. हातब्रेक ओढला, खाली उतरून मागच्या चाकाला लाकडाचा ठोकळा पायाने ढकलला आणि खालच्या वळणाशी दिसलेल्या झऱ्याकडे तो तरातरा निघाला. गाडी चढावर उभी करताना गिअरमध्ये टाकायची, हा त्याचा स्वतःचा नियम. एरवी तो दहा वेळा म्हणून दाखवायचा. आज विसरला. गिअरचा दांडा मधोमध सैल उभा होता. विमलने तो बघितला. तिच्या ओठांवर शब्द आलाही होता. पण त्याच्या पाठमोऱ्या रागाकडे बघून तिने तो गिळला. म्हटलं, इतकं कळतं ना, मग स्वतः बघेल.

तो वळणाआड गेला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डाव्या हाताला डोंगराचा कापलेला कडा, त्याच्या पायथ्याशी पाणी जाण्यासाठी खोदलेला दगडी चर. उजव्या हाताला दरी. वारा असा सुटला होता, की बाहेर स्टोव्ह पेटता पेटेना. भिमाबाईंनी चहा मागितला. विमलने स्टोव्ह आत घेतला, म्हातारीच्या खाटेजवळ फळीवर ठेवला, पंप मारला आणि पेटवला. चढावर गाडीत स्टोव्ह लावायचा नाही, हाही नियम होताच. आज कोण कोणाचे नियम पाळत होतं?

म्हातारीच्या उशाशी तांब्यात होतं तेवढ्या घोटभर पाण्याचं आधण ठेवून ती सासूच्या पाठीशी उशी सरकवत होती, तेवढ्यात पायाखालून 'खट्' असा आवाज आला. कोणी लाकूड मोडावं तसा. मग दुसरा, तारेसारखा, ताणून तुटलेला. विमलने मान वर केली. खिडकीतून डोंगराचा कडा दिसत होता. तो पुढे सरकायला लागला होता.

क्षणभर तिला कळेचना, की डोंगर कसा चालतो.

"विमल, गाडी!" भिमाबाई किंचाळल्या.

ती दोन खाटांच्या मधून धावली. गुडघा फळीवर आपटला, चहाचं पातेलं मागे खणखणत पडलं. ड्रायव्हरच्या सीटवर तिने अंग टाकलं. ती बुटकी, पाय पोहोचेना. ती सीटच्या कडेवर घसरली, सुकाणू दोन्ही हातांनी धरलं आणि दोन्ही पाय एकदम मधल्या पायट्यावर रोवले. जयराम थांबताना तोच दाबायचा, एवढंच तिला ठाऊक होतं.

गाडी कण्हली आणि थांबली.

"विमल, इस्टू!"

तिने मान वळवली. स्टोव्ह फळीवर तिरका झाला होता. निळी ज्योत पिवळी होऊन वर चढत होती, भिमाबाईंच्या गोधडीपासून हातभर अंतरावर. पाय काढला तर गाडी जाते, नाही काढला तर आग लागते.

"आत्याबाई, हवा सोडा! बाजूची चावी फिरवा त्याची!"

"हात पोचंना!"

"पोचवा!"

भिमाबाई दोन वर्षांत आपल्या बळावर कुशीला वळल्या नव्हत्या. आता त्यांनी कडेची फळी धरली, दात ओठात रुतवले आणि अंग ओढलं. त्यांच्या तोंडून निघालेला आवाज विमल पुढे कित्येक वर्षं विसरली नाही. मग 'फुस्स' झालं. ज्योत बसली. गाडीत रॉकेलचा धूर आणि वास कोंडला.

"इझला," भिमाबाई धापा टाकत म्हणाल्या. "बोटं भाजली. इझला पन."

विमलने श्वास सोडला, आणि तेव्हाच तिला जाणवलं, की पायट्यावरचे पाय हळूहळू खाली चालले आहेत. ती काही सैल झाली नव्हती. पायटाच दबत होता, ओल्या मातीत पाय रुतावा तसा. तो पार खाली टेकायला आला तशी गाडी हलली. तिने घाबरून पाय उचलला आणि पुन्हा जोरात दाबला. गाडी थांबली. पण त्या उचलण्या-दाबण्यात हातभर मागे गेली होती.

पुन्हा पायटा दबू लागला. पुन्हा उचलून दाबला. पुन्हा हातभर.

हॉर्न! तिने हॉर्नवर मूठ मारली. काही वाजलं नाही. हॉर्न अडकून बसायचा म्हणून जयरामने परवाच त्याची वायर काढून ठेवली होती. तिने खिडकीतून तोंड काढून हाक मारली, "अहो! अहोऽ!" वाऱ्याने ती हाक वरच्या वर उचलून दरीत टाकली. गिअरचा दांडा ओढून पाहिला. तो करकरला आणि परत आला. डावा पाय क्लचवर टाकायला गेली, तर ब्रेकवरचा भार कमी झाला आणि गाडी अशी सुटली, की तिने पुन्हा दोन्ही पाय ब्रेकवरच घातले. ते गिअरचं तिच्याने होणार नव्हतं.

"आत्याबाई, मागं काय दिसतं?"

भिमाबाईंनी काचेकडे मान केली. पदराने काच पुसली.

"सांगा ना!"

"रस्ता वळलाय गं. आपुन सरळ चाललोय. म्होरं कठडा नाय. दोन दगड हायेत, मधी मोकळंच."

"किती लांब?"

"आपल्या ओट्यापासून नळाइतकं."

विमलच्या डोळ्यांपुढे नळ उभा राहिला. घरासमोरचा सार्वजनिक नळ. रोज हंडा घेऊन ती तेवढी जायची. वीस पावलं. फार तर बावीस. आणि प्रत्येक वेळी हातभर.

तिने दात आवळून पाय दाबून धरले. पोटऱ्या थरथरायला लागल्या होत्या. मागे भिमाबाई हलक्या आवाजात त्रिसरण म्हणू लागल्या होत्या. एकदा गाडी सरकली, दोनदा, तिसऱ्यांदा, मग तिने मोजणं सोडलं. जयराम झऱ्यावर डबे भरत असेल. भरेल, मग तोंड धुवेल, मग राग निवावा म्हणून बिडी ओढेल. ती त्याला ओळखत होती. अर्धा तास.

"विमल," त्रिसरण थांबवून भिमाबाई म्हणाल्या. "दार उघडं हाय. तू उडी मार."

"काय?"

"मी पिकलं पान. माझ्यापायी तू कशाला? पोरींना आई पायजे. मार उडी."

"गप बसा!" विमल ओरडली.

सव्वीस वर्षांत ती सासूला असं बोलली नव्हती. गाडी आणखी हातभर गेली.

ओरडल्यामुळे असेल, तिचं डोकं एकाएकी थंड झालं. गाडी जाणारच आहे, ती आपल्याला धरून ठेवता येत नाही. मग जाताना कुठं जायचं, तेवढंच आपल्या हातात आहे. तिने सुकाणू डावीकडे ओढून पाहिलं. गाडी उभी असताना ते दगडासारखं गच्च होतं. पण मघाशी सरकताना ते जरासं फिरलं होतं, हे तिच्या हातांना आठवत होतं. मागं जाताना चाक ज्या अंगाला फिरवशील, त्या अंगाला बूड जातं. डावीकडे डोंगर. डोंगराच्या पायाशी चर. मागचं चाक त्या चरात पडलं तर गाडी अडेल.

म्हणजे ब्रेक आपण होऊन सोडायला हवा होता.

"आत्याबाई, ऐका. मी आता ब्रेक थोडा थोडा सोडणार आहे."

"सोडनार? अगं यडी का खुळी तू?"

"गाडी डोंगराच्या चरात घालायचीय. मला मागचं दिसत नाही. तुम्ही सांगायचं, बूड कुठं चाललंय ते."

"डोंगुर माझ्या कुठल्या हाताला गं? मी तर उलटी..."

"हाताचं नको! डोंगराकडं चाललं तर डोंगर म्हणा. दरीकडं चाललं तर दरी म्हणा. बस्स."

"बरं," भिमाबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसून काचेला कपाळ टेकलं. "सोड."

विमलने पाय किंचित उचलले. गाडी सुटली. तिने सगळं अंग डावीकडे टाकून सुकाणू ओढलं, चार बोटं फिरलं. पाय दाबले. गाडी थांबली.

"दरी," भिमाबाई म्हणाल्या.

पुन्हा. हातभर सुटली, सुकाणू वीतभर फिरलं, थांबली.

"दरी."

पुन्हा.

"दरीच गं, विमल. दगड जवळ आले."

"किती?"

"पाच-सात पावलं."

घाम डोळ्यांत उतरत होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. या वेळी तिने पाय जास्त वेळ उचलले. मनातल्या मनात एक, दोन, तीन म्हटलं. गाडीने वेग धरला तसं सुकाणूही सैल झालं आणि अर्धा फेरा फिरलं. तिने दाबलं. पायटा पहिल्या दाबाला धरेना. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला धरला.

मागून आवाज नव्हता.

"आत्याबाई! बोला!"

"डोंगुर," भिमाबाई म्हणाल्या, आणि मग ओरडल्याच, "डोंगुर! डोंगराकडं वळली, पोरी! वढ! आजून वढ!"

विमलने पाय उचलले. या खेपेला तिने परत दाबले तेव्हा पायटा सरळ तळाला जाऊन टेकला. खाली काहीच उरलं नव्हतं. एकदा, दोनदा, चारदा दाबला. काही नाही. गाडी मोकळी सुटली होती.

"डोंगुर, डोंगुर, डोंगुर!" मागून एकच हाक चालू होती.

विमल सीटवरून उठली. ब्रेक सोडून दिला, सुकाणूच्या डाव्या कडेला दोन्ही हातांनी लटकली, उभ्या अंगाचा भार त्याच्यावर टाकला. काचेपुढे दरी उजवीकडून डावीकडे सरकत गेली, आकाश गेलं. मग खालून असा दणका बसला की तिचे दात एकमेकांवर आदळले. गाडी डाव्या अंगाला कलली. पत्रा दगडावर घासत कर्कश ओरडला, मागची काच फुटली, फळीवरची सगळी भांडी एका दमात खाली आली. आणि मग सगळं थांबलं.

एक बशी गोल गोल फिरत होती. तीही थांबली.

"आत्याबाई?"

मागे काचेचा एक तुकडा गळून पडला.

"आत्याबाई!"

"हाय गं," आवाज आला. "हाय जित्ती. डबा पडला डोक्यात."

विमल पुन्हा सीटवर बसली. तिने पाय परत पायट्यावर ठेवले आणि दाबून धरले. आता त्याचा उपयोग नाही हे तिला कळत होतं, पण पाय ऐकत नव्हते.

जयराम वळणावर आला तेव्हा आधी त्याला गाडी होती तिथे दिसलीच नाही. जिथे ती नव्हती त्या रिकाम्या जागेकडे तो बघत राहिला. मग त्याची नजर खाली आली. खांद्यावरचा डबा रस्त्यावर पडून फुटला. तो धावत आला, दार ओढलं. आत बघितलं. म्हातारीच्या कपाळावर टेंगूळ, केसांत काचा, उजव्या हाताची बोटं लाल. बायको सुकाणूला धरून बसलेली, ओठ पांढरे.

"विमल, सोड. उतर."

"गाडी जाईल."

"नाही जात. चाक चरात आहे. सोड आता."

तिला पाय उचलता येईना. शेवटी त्याने वाकून दोन्ही हातांनी तिचे घोटे धरले आणि पाय एकेक करून पायट्यावरून काढले.

खाली उतरल्यावर ती तुटलेल्या कठड्यापाशी गेली. दोन दगडांच्या मधून खाली बघितलं. खाली पळसाची झाडं एवढीएवढीशी दिसत होती. जयराम मागे येऊन उभा राहिला. हातात फुटलेला ठोकळा होता.

"मी गिअरमध्ये टाकली नाही," तो म्हणाला. "रागाच्या भरात. माझ्याच हातून..."

"मी बघितलं होतं."

"काय?"

"दांडा मधेच आहे, हे मी बघितलं होतं. तुम्ही जाताना. बोलले नाही. आणि स्टोव्हही मीच आत लावला."

जयरामने हातातल्या ठोकळ्याकडे बघितलं. मग त्याने ठोकळा दरीत भिरकावला आणि म्हणाला, "चल, आईचे केस झाडू आधी. काच आहे त्यात."

तासाभराने कांद्याचा ट्रक खालून वर आला. ड्रायव्हरचं नाव झिपरू. मान तिरकी करून त्याने चरात रुतलेली गाडी सगळ्या बाजूंनी बघितली, रस्त्यावरच्या चाकांच्या खुणा बघितल्या, मग जयरामच्या पाठीवर थाप मारली.

"भाऊ, लय हुशारीनं घातली डोंगराला. दुसरा आसता तर खाली पोचला आसता."

"मी नाही घातली," जयराम म्हणाला. "या दोघींनी."

झिपरूने विमलकडे बघितलं, मग फुटक्या काचेतून डोकावणाऱ्या भिमाबाईंकडे. त्याला काही ते खरं वाटलं नाही. पण त्याने दोर बांधला, गाडी चरातून ओढून काढली आणि कळवणपर्यंत आपल्या ट्रकमागे हळूहळू ओढत नेली.

कळवणला गाडी दोन दिवस मिस्त्रीकडे राहिली. हातब्रेकची तार जुनी होती, ती तुटली होती. ब्रेकच्या तेलाची नळी ठिबकत होती. मिस्त्री जयरामला सगळं दाखवून देत होता, तेव्हा विमल तिथेच उभी राहून ऐकत होती. मधेच तिने विचारलं, "दादा, या पायट्यावर लाकडाचा तुकडा बसवून मिळेल का? जाड. माझा पाय पोहोचत नाही."

मिस्त्रीने जयरामकडे बघितलं. जयराम म्हणाला, "बसवा. क्लचलाही बसवा."

तिसऱ्या दिवशी दुपारी तिघं वस्तीवर पोहोचली. चांगुणाबाई काठी टेकत, हाताने हवा चाचपत अंगणात आल्या. "उनी व माय, आली माझी बहीण!" म्हणत त्या गाडीच्या पत्र्यालाच हात लावून रडायला लागल्या. जयराम आईला उचलून घरात न्यायला पुढे झाला, पण भिमाबाईंनी हात आडवा केला.

"मला नका हालवू. तिलाच वर घ्या."

मग विमलने चांगुणाबाईंना कमरेला धरून पायरी चढवली आणि सासूच्या खाटेवर कडेला बसवलं. त्यांनी बहिणीचं तोंड दोन्ही हातांत धरून अगदी जवळून, नाकाला नाक लागेल असं बघितलं. कपाळावरचं टेंगूळ बोटांना लागलं.

"हे काय वं?"

"घाटात गाडी सुटली," भिमाबाई म्हणाल्या. "दाराशी हाय ना, माझी सून, विमल, तिनं वाचवली. मी तिला उडी मार म्हनले, तर मला म्हनती, गप बसा."

आणि त्या हसल्या. विमल पायरीवर उभी होती. तिने वाकून खाटेवरच्या गोधडीचं टोक नीट केलं.

दोघी बहिणी तीन दिवस गाडीतच राहिल्या. चांगुणाबाई जयरामच्या खाटेवर झोपल्या, जयराम आणि विमल घरात. रात्री उशिरापर्यंत गाडीतून बोलणं ऐकू यायचं. चौथ्या दिवशी निघायच्या आधी, सकाळी, वस्तीमागच्या मोकळ्या माळावर विमल सुकाणूवर बसली. जयराम शेजारी. मागच्या खाटेवर भिमाबाई, काचेच्या जागी ठोकलेल्या पत्र्यातल्या फटीला डोळा लावून.

"गिअर टाक," जयराम म्हणाला.

विमलने क्लच दाबला, दांडा पुढे ढकलला. तो या खेपेला करकरला नाही.